दाढोबा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण तुम्हांला पाठ असेल. परीक्षेत वाक्यात उपयोगही केला असेल. मी चौथीच्या वर्गाला ही म्हण शिकवते, तेव्हा दरवर्षी एक तरी हात वर होतो. “बाई, पण सरडा कुंपणापर्यंतच का धावतो? पुढे का नाही जात?” प्रश्न अगदी रास्त आहे. म्हण तयार करणाऱ्याने काही सरड्याला विचारलं नव्हतं! सरड्याला कुंपण म्हणजे शेवट वाटत नाही, बसायची उत्तम जागा वाटते. सकाळचं ऊन तिथे आधी येतं. चारी बाजूंचं दिसतं. किडे-मुंग्या नाकासमोरून जातात, आणि धोका दिसलाच तर अलीकडे किंवा पलीकडे, कुठेही उडी टाकता येते. एवढ्या सोयी असताना तो कशाला पुढे जाईल?

हे मला आपल्या गावच्या सरड्याने नाही शिकवलं. शिकवलं ते दहा हजार किलोमीटरवरच्या एका सरड्याने.

माझी ताई ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन शहरात राहते. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. आपल्याकडे थंडीची चाहूल लागते, तेव्हा तिथे उन्हाळा तोंडावर आलेला असतो. चकल्या तळताना आम्हां दोघी बहिणींच्या घामाच्या धारा लागल्या होत्या. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हा सहावीत होता. मी बॅग खाली ठेवायच्या आधीच त्याने विचारलं, “मावशी, तू सरड्याला घाबरतेस का?”

“मी खेडेगावातल्या शाळेत शिकवते,” मी म्हटलं. “आमच्या वर्गात बेडूक येतात, सरडे येतात, एकदा तर धामण येऊन गेली. मी कशाला घाबरू?”

“मग चल!” म्हणून त्याने मला हाताला धरून त्याच्या खोलीत नेलं.

खोलीत भिंतीला लागून एक लांबलचक काचेची पेटी होती. आत माती, दगड, आणि एक जाडजूड वाकडी फांदी. त्या फांदीवर, दिव्याखाली, डोळे अर्धवट मिटून एक महाराज बसले होते. अंग चपटं आणि रुंद, भाकरीला हातापाय फुटावेत तसं. डोकं त्रिकोणी. दोन्ही कुशींना काट्यांची झालर. आणि हनुवटीखाली काटेरी खवल्यांची दाढी!

“हा आमचा दाढोबा,” भाचा म्हणाला. आता आम्हां मराठी शिकवणाऱ्यांची पंचाईत बघा. मला लगेच १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंगच आठवले! पण या दाढोबाला व्याकरणाशी देणंघेणं नव्हतं. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

तिकडे या प्राण्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात, म्हणजे दाढीवाला ड्रॅगन. ड्रॅगन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तोंडातून आग ओकणारा, पंखवाला राक्षस आला असेल. तसलं काही नाही. ऑस्ट्रेलियातली माणसं सरड्यांच्या एका अख्ख्या कुळाला ‘ड्रॅगन’ म्हणतात. या कुळातल्या शंभराहून अधिक जाती तिथे आहेत, आणि गंमत म्हणजे आपल्या बागेतला सरडासुद्धा याच कुळातला! शास्त्रीय भाषेत कुळाचं नाव अ‍ॅगॅमिडी. यांचे दात जबड्याच्या काठावरच पक्के बसलेले असतात. आणि आपल्या घरातल्या पालीची शेपटी तुटली की नवी येते, तशी दाढोबाची येत नाही. गेली ती गेलीच. म्हणून भाचा पेटीचं सरकतं दार लावताना शेपटी कुठे आहे हे दर वेळी वाकून बघायचा.

आता खरी गोष्ट सुरू होते.

मी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा धापा टाकत आला. त्यांच्या आणि ताईच्या घरांमध्ये लाकडी फळ्यांचं कुंपण आहे. त्या कुंपणाच्या खांबावर एक सरडा बसला होता. वीतभर अंग आणि तेवढीच शेपटी. आम्ही हळूच मागच्या दारातून पाहिलं, तर अगदी दाढोबाचा धाकटा भाऊ!

भाच्याचे डोळे चमकले. “मावशी, याला पकडू या! दाढोबाला सोबत होईल. तो बिचारा एकटाच असतो.”

शेजारचा मुलगा म्हणाला, “हा दाढीवाला नाहीच. हा पाणसरडा आहे.”

झालं! दोघांची जुंपली. मी शिक्षिका पडले ना, मी म्हटलं, “भांडू नका. आधी ओळख, मग मैत्री. वही आणा.”

मुलांनो, एखादा प्राणी ओळखायचा तर ‘असाच दिसतो’ एवढं पुरत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. सरडे ऊन, थंडी, राग, भीती, सगळ्यांनी रंग गडद-फिका करतात. सकाळी काळपट दिसणारा दाढोबा दुपारी दिव्याखाली फिकट पिवळसर व्हायचा. म्हणून शरीराची ठेवण पाहायची. अंग कसं, शेपटी कशी, काटे कुठे, आणि प्राणी मिळाला कुठे.

पाणसरड्याचा प्रश्न लवकर सुटला. ब्रिस्बेनमध्ये पाणसरडे, म्हणजे ‘ईस्टर्न वॉटर ड्रॅगन’, पुष्कळ आहेत. आदल्याच दिवशी आम्ही शहराच्या मधोमध असलेल्या रोमा स्ट्रीट पार्कलँड या बागेत गेलो होतो. तिथे ते बाकांच्या खाली, पायवाटांवर, अगदी माणसांच्या पायांत हिंडत होते! मोठा नर तीन फुटांच्या आसपास लांब. त्यातली दोन तृतीयांश तर शेपटीच. ती दोन बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, कारण ती पोहायला वल्ह्यासारखी वापरायची. मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंत करवतीसारखा तुरा. डोळ्यामागून कानावरून गेलेला काळा पट्टा. मोठ्या नराची छाती लालसर. पाण्यावर आलेल्या फांदीवर बसतो आणि घाबरला की धप्पकन पाण्यात! तासाहून जास्त वेळ तो पाण्याखाली दम धरून राहू शकतो. आमच्या खांबावरच्या पाहुण्याला ना तुरा, ना काळा पट्टा, ना वल्ह्यासारखी शेपटी. शेजारच्याने मान्य केलं, हा पाणसरडा नव्हे.

पण मग दाढोबाचाच जातभाई का? इथे मात्र खरी मेख होती. दाढीवाल्या सरड्यांच्या अनेक जाती आहेत, आणि त्यातल्या दोन एकमेकांसारख्या दिसतात. एक मध्य ऑस्ट्रेलियातला. घरोघरी पाळतात तो हाच. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ‘पोगोन’ म्हणजे ग्रीक भाषेत दाढी. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आल याने १९२६ साली या जातीचं वर्णन केलं. दुसरा पूर्वेकडचा, पोगोना बार्बाटा. ‘बार्बा’ म्हणजे लॅटिनमध्ये दाढी. म्हणजे याच्या नावात दाढी दोनदा! याचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८२९ साली केलं होतं.

दोघांना वेगळं कसं करायचं? भाच्याने त्याचं पुस्तक आणलं आणि भावोजींची दुर्बीण. मध्य भागातल्याच्या कुशीला काट्यांची मुख्य रांग एकच असते, पूर्वेकडच्याच्या कुशीला काट्यांच्या बऱ्याच रांगा. डोक्याच्या मागच्या बाजूला मध्य भागातल्याची काट्यांची ओळ सरळ आडवी जाते, पूर्वेकडच्याची मागे वळते. आम्ही तिघं दुर्बिणीसाठी धक्काबुक्की करत होतो. “एक रांग!” “छे, तीन!” असं चाललं होतं. सरडा हलला की मोजणी पहिल्यापासून.

शेवटी निकाल कुत्र्याने लावला. शेजारचा कुत्रा भुंकत कुंपणाकडे धावला. सरड्याने अंग चपटं करून फुगवलं, दाढी पुढे काढली आणि आ वासला. तोंड आतून पिवळंधमक! हळदीच्या डब्यात बुचकळल्यासारखं! दाढोबाचं तोंड आतून गुलाबी आहे हे भाच्याला चांगलं माहीत होतं, रोज खाऊ देताना तो पाहतो. पिवळं तोंड ही पूर्वेकडच्या जातीची खूण. आणि ते जुळतही होतं. मध्य भागातला सरडा आतल्या कोरड्या, तांबड्या मातीच्या मुलखातला. तो ब्रिस्बेनच्या कुंपणावर आपला आपण येणारच नाही. पूर्वेकडचा इथला स्थानिक. एखादा सरडा दिसला की आधी ‘हा इथे राहतो का?’ हे विचारलं तर निम्मं काम होतं. (तोंडाचा रंग पाहायला म्हणून कुणी सरड्याला काडीने डिवचू नका हं. तो तोंड उघडतो ते आपल्याला दाखवायला नव्हे, जीव घाबरा झाला म्हणून.)

वहीत नोंद झाली. पण भाच्याचा हट्ट काही सुटेना. “जात वेगळी असली म्हणून काय झालं? दोघंही दाढीवाले! ठेवू या ना.”

ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “बाबांनी तुला परवान्याचा कागद वाचून दाखवला होता. तो आठव.”

ऑस्ट्रेलियात आपल्याच देशातला सरडा पाळायचा तर बहुतेक ठिकाणी सरकारी परवाना लागतो. ताईकडे तो भावोजींच्या नावावर आहे. परवाना असला तरी रानातला, बागेतला, कुंपणावरचा प्राणी पकडून घरात ठेवता येत नाही. परवाना असलेल्या माणसाकडून, त्याच्याकडेच जन्मलेलं पिल्लू घ्यावं लागतं, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. मला हा नियम फार आवडला. नाहीतर तिथली मुलं शाळेतून येताना खिसे भरून सरडे आणतील!

पण नियम बाजूला ठेवला, तरी दाढोबाला सोबत हवी होती का? भाच्याने स्वतःच आठवण काढली. एकदा त्याच्या मित्राने आपला सरडा दाखवायला आणला होता. तो नुसता काचेबाहेरून दिसला, तर दाढोबाची दाढी कोळशासारखी काळी पडली आणि तो डोकं जोरजोरात वर-खाली करू लागला. ‘ही माझी जागा, चालता हो’ असा त्याचा अर्थ. लहान किंवा दुबळा सरडा याच्या उत्तरादाखल एक पुढचा पाय उचलून हळूच गोल फिरवतो, टाटा केल्यासारखा. आपल्याला वाटतं किती गोड! पण तो म्हणत असतो, ‘मी लहान आहे, मला मारू नका.’ दाढीवाले सरडे एकटे राहणारे प्राणी आहेत. दोघांना एका पेटीत कोंडलं, की मोठा ऊन आणि खाणं अडवतो. धाकटा उपाशी राहतो, कधी पायाची बोटं, कधी शेपटीचं टोक गमावतो. आपल्याला एकटं वाटतं म्हणून सरड्यालाही वाटत असेल, हे आपलं आपण ठरवलेलं!

भाचा दिवसभर फुरंगटून बसला. संध्याकाळी गपचूप वहीत लिहून आला, ‘खांबावरचा. पिवळं तोंड. सोडून दिला.’ खरं तर पकडलाच नव्हता, पण मी काही दुरुस्ती केली नाही.

आता दाढोबाचं घर बघू या, कारण सरडा पाळणं म्हणजे सरडा विकत घेणं नव्हे, एक छोटं वाळवंट विकत घेणं आहे. पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हा सरडा अर्धा जमिनीवरचा, अर्धा झाडावरचा. रानात तो बुंध्यांवर, ओंडक्यांवर, खांबांवर चढून बसतो. म्हणून आत चढायला भक्कम फांदी हवीच. पेटीच्या एका टोकाला दिवा असतो. त्याखालच्या जागेचं तापमान साधारण ४० अंश सेल्सिअस. दुसरं टोक पंचविसाच्या आसपास, थंड. असं का? आपलं शरीर आपली ऊब आपणच तयार करतं. सरड्याचं तसं नाही. तो ऊब उन्हातून घेतो. गरम झालं की थंड टोकाला जातो, थंडावला की गरम टोकाला. पेटी सगळीकडे सारखी गरम असेल तर त्याला जायला जागाच उरत नाही. थंड असेल तर पोटातलं अन्नही नीट पचत नाही.

याशिवाय एक लांब नळीचा दिवा होता. त्यातून अतिनील किरणं येतात. ही किरणं अंगावर पडली की सरड्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागतं. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. या दिव्याची खोड अशी, की तो प्रकाश देत राहतो पण काही महिन्यांनी त्यातली किरणं संपत जातात. बघणाऱ्याला वाटतं दिवा चालू आहे! म्हणून भावोजी दिव्यावर तारीख लिहून ठेवतात आणि वर्ष व्हायच्या आत तो बदलतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही चालत नाही, काच ही किरणं अडवते. ऊन हवं तर बाहेरचं, उघडं.

आणि वरून दिसणारी एक नवलाई. दाढोबाच्या डोक्यावर, मध्यभागी, एक फिकट ठिपका होता. तो त्याचा तिसरा डोळा! शंकरासारखा रागाने उघडत नाही तो. त्याने चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते. आकाशातून पक्षी झेपावला तर डोक्यावर सावली पडते ना? म्हणून दाढोबाला उचलायचं झालं तर वरून हात न्यायचा नाही. समोरून, खालून, ओंजळ करून घ्यायचं. हे मला भाच्याने तीनदा करून दाखवलं.

खाण्याचं तर विचारू नका. पिल्लू असताना हे मुख्यतः किडे खातात, मोठेपणी पालाभाजी जास्त. फ्रिजच्या शेजारी डब्यात रातकिडे! रात्री सगळं घर शांत झालं की किर्र किर्र सुरू. मला वाटायचं मी आपल्या गावच्या ओसरीवरच झोपले आहे. रातकिडा द्यायचा तो सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि त्याला आधी कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचं, आपण अनारशाला खसखस लावतो तसं.

दिवाळी झाली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी दाढोबाने खाणं सोडलं.

पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पेटीच्या कोपऱ्यात माती उकरायला लागला. पुढच्या पायांनी खरखर, खरखर. मग दुसरा कोपरा. मग काचेवर पाय आपटणं. फांदीवर बसेना, दिव्याखाली थांबेना. भाचा शाळेत गेला तो रडवेला होऊन. “मावशी, तू लक्ष ठेवशील?” मी दुपारभर पेटीपुढे बसले. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आणि कातडीखाली गोट्या भराव्यात तसे उंचवटे. मला काही वेगळीच शंका आली, कारण गावाकडे खुडूक कोंबडी मी पाहिलेली आहे. पण दाढी? मी गप्प राहिले.

संध्याकाळी सगळे डॉक्टरांकडे गेलो. त्या डॉक्टरबाई सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार होत्या. त्यांनी दाढोबाला तळहातावर घेतलं, पोटाखालून बोटं फिरवली, शेपटीचं मूळ आणि मांडीखालची बारीक छिद्रांची रांग पाहिली. मग एक्स-रे काढला आणि तो उजेडासमोर धरला. पोटात अंड्यांची रास!

“हा ‘तो’ नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “ही ‘ती’ आहे.”

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “पण दाढी आहे ना!”

दाढी मादीलाही असते. रागावली तर ती काळीही पडते. दाढोबा घरी आला, म्हणजे आली, तेव्हा बोटभर पिल्लू होती, आणि इतक्या लहानपणी नर-मादी ओळखणं फार कठीण. पुढे सगळ्यांना ‘दाढोबा’ म्हणायची सवय झाली आणि पुन्हा कुणी बघितलं नाही. आणि एकटी असून अंडी कशी? जशी कोंबडी कोंबडा नसतानाही अंडी देते, तशीच. त्यातून पिल्लं निघत नाहीत एवढंच.

हसायला येतंय ना? पण डॉक्टरबाई हसत नव्हत्या. या सरड्याची मादी ओलसर, खोल मातीत बीळ खणून त्यात अंडी घालते. मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते. ती आत अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तोवर उशीर झाला तर मादी मरते. दाढोबाच्या पेटीतली माती चार बोटं खोल आणि ठणठणीत कोरडी. म्हणजे दोन दिवस ती कोपरे उकरून सांगत होती, आणि आम्हांला ते आजारपण वाटत होतं.

घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. आल्या आल्या भावोजींनी कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा टब रिकामा केला. ताईने बागेतली माती चाळली, भाच्याने त्यात वाळू मिसळली, मी पाणी शिंपडत गेले. मुठीत दाबली तर लाडवासारखी राहावी, पण पाणी गळू नये, इतकी ओल. लाडू वळायचा अनुभव असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. फूटभर खोल माती भरून बोटांनी एक उतरतं भोक सुरू करून दिलं, म्हणजे तिला कळावं. मग तिला टबात ठेवलं, वर दिवा लावला, खोलीचं दार ओढून घेतलं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, कुणी बघत असलं तर ती खणायचं थांबवेल.

दाराबाहेर आम्ही चौघं. आतून काही आवाज नाही. रात्री नऊला भाच्याने फटीतून पाहिलं. ती टबाच्या काठावर मान टेकून बसली होती. जेवणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ‘उद्या दुपारपर्यंत नाही घातली तर परत या’ असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं. भाचा झोपला तो अंगावरच्या कपड्यांनिशी.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. दिवा लावून पाहिलं, तर टबात सरडा नाही! माझ्या पोटात गोळा आला. मग मातीतल्या भोकातून शेपटीचं टोक दिसलं. हललं. बाहेर माती उडाली. मी मागच्या मागे सरकले आणि दार लावून घेतलं.

दुपारी ती बाहेर आली. भोक बुजवून, वरची माती नाकाडाने ठोकून अशी सपाट केली होती, की खाली काही असेल असं वाटू नये. अंगावर सगळीकडे माती आणि पोट खपाटीला गेलेलं. भाच्याने शाळेतून आल्यावर हळूहळू उकरून मोजली. एकोणीस अंडी! पांढरी, लांबट, बोटाच्या पेराएवढी, आणि टणक नव्हे तर मऊ चामड्यासारखी. दाढोबाने आधी पाणी प्यायलं, मग एकापाठोपाठ एक सात रातकिडे मटकावले. सातवा खाल्ला तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

आता नर-मादीचा विषय निघालाच आहे तर एक खरोखरचं आश्चर्य सांगते. या जातीच्या ज्या अंड्यांतून एरवी नर निघायचा, ती अंडी ३२ अंशांहून जास्त उष्णतेत राहिली तर त्यांतून चक्क मादी निघू शकते! अशा माद्या रानातही सापडतात, हे कॅनबेरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्या अंडी घालतात आणि त्यातून पिल्लंही येतात. पृथ्वी तापते आहे असं आपण ऐकतो, त्याचा सरड्यांशी कसा संबंध येतो बघा.

नावाचं काय करायचं यावर घरात सभा भरली. ताईने ‘दाढीबाई’ सुचवलं. भाच्याने ते हाणून पाडलं. “तिला दाढोबाच माहीत आहे,” तो म्हणाला. सरड्याला नाव कळतं का, हा मुद्दा मी काढला नाही. ठराव झाला, दाढोबा ही आमची दाढोबा.

मी गावी परत आल्यावर ही सगळी हकिगत वर्गात सांगितली. लगेच दोन-तीन हात वर. “बाई, मला पण पाहिजे!” तुमच्यापैकीही कुणाच्या मनात आलं असेल. तर ऐका. ऑस्ट्रेलियातून असे जिवंत प्राणी विकायला बाहेर नेण्यावर बंदी आहे. चोरून नेणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही लोक मोजांत, डब्यांत कोंबून ते पाठवतात, आणि त्यातले कितीतरी वाटेतच गुदमरून मरतात. आपल्याकडेही परदेशी प्राणी सरकारी परवानगीशिवाय आणता येत नाहीत, पण मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर बॅगांत लपवलेले सरडे-कासवं सापडल्याच्या बातम्या येतात. पालकांनो, वाढदिवसाची भेट म्हणून कुणी असा सरडा दाखवला तर त्याचे कागद विचारा. आणि कागद असले तरी हेही विचारा, की गावात सरड्याला तपासू शकेल असा डॉक्टर आहे का. आमच्या तालुक्याला गुरांचे डॉक्टर आहेत, ते बैलाला बरं करतील, पण एकोणीस अंडी अडकलेल्या सरड्यापुढे तेही हात टेकतील. शिवाय हा सरडा आठ-दहा वर्षं जगतो. तुम्ही आता पाचवीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल. तेव्हा रातकिडे कोण आणणार? आई!

आपला बागेतला सरडा मात्र फुकट बघायला मिळतो. पावसाळ्याच्या सुमाराला नराचं डोकं आणि गळा लाल होतो. तो रक्त पितो म्हणून लाल, असं कुणी सांगेल, ते खोटं. तोही दाढोबासारखाच अंग वर-खाली करून ‘ही माझी जागा’ म्हणतो. आणि त्याची मादीही जमिनीत खड्डा करून अंडी पुरते. तेव्हा कुठे सरडा माती उकरताना दिसला, तर दगड उचलायचा नाही. लांब उभं राहायचं.

भाच्याचं पत्र येतं अधूनमधून. ऑस्ट्रेलियातला वसंत ऋतू सप्टेंबरात सुरू होतो. २०२४ साली त्याने ऑगस्टमध्येच टब भरून ठेवला होता. दाढोबाने त्या वर्षी बावीस अंडी घातली आणि या खेपेला खाणं एकच दिवस सोडलं. टबातली माती मात्र लाडवासारखी जमत नाही, अशी त्याची तक्रार आहे. कधी जास्त ओली होते, कधी भुगा. त्याला मी मुठीचं माप पुन्हा लिहून पाठवलं आहे.